साडेसातशेचं एचडीएमआय कॅप्चर कार्ड, सहा महिने, अकरा काले

खोका कसा होता, आत पत्रक होतं का, ते विचारू नका, खोका पहिल्याच आठवड्यात भाचीने खोडरबर ठेवायला नेला. कार्ड, म्हणजे कॅमेऱ्याचं चित्र यूएसबीने कॉम्प्युटरला देणारी डबी, घेतलं दिवाळीनंतर, पणजीला १८ जून रस्त्याच्या आसपासच्या एका दुकानातून, साडेसातशे रुपये. बिल मागितलं तर आकडा लगेच वाढला म्हणून बिल नाही. आता मे संपत आला, काल्यांचा सीझन आटपला, म्हटलं आता लिहायला हरकत नाही, कारण दोन दिवस वापरून पाच तारे देणाऱ्यांनीच मला हे घ्यायला लावलं होतं. कंपनीचं नाव लिहीत नाही, खरं तर नावच नाहीये, कार्डावर नुसतं 'एचडी व्हिडिओ कॅप्चर' छापलंय आणि तेच कार्ड पाच वेगळ्या नावांनी मिळतं.

कशासाठी घेतलं ते आधी सांगतो म्हणजे पुढचं कळेल. आमच्याकडे डिचोली, सत्तरी, पेडणे या पट्ट्यात देवळाच्या जत्रेला दशावतारी काला असतो, गोव्यातल्या माणसाला हे सांगायला नको पण बाहेरचं कोण वाचत असेल तर, रात्री उशिरा सुरू होतो, आधी गणपती, रिद्धी-सिद्धी, भटजी, मग काळ्या कपड्यातला संकासूर येऊन धुमाकूळ घालतो, मग आख्यान, आणि संपेपर्यंत बाहेर उजाडलेलं असतं. आमचे काका पेटी वाजवतात. गावातली निम्मी पोरं मुंबईला नाहीतर आखातात, त्यांना घरबसल्या बघायचं असतं, तर देवळाच्या कमिटीने मला धरलं, तुझ्याकडे कॅमेरा आहे, तुला कॉम्प्युटरमधलं कळतं, तूच कर. मी वेर्ण्याला एका फार्मा कारखान्यात इन्स्ट्रुमेंटेशनला आहे, कॉम्प्युटरमधलं म्हणजे कंट्रोलर, मीटर, सेन्सर एवढंच कळतं, पण नाही कोण म्हणणार.

सेटअप सोपा. कॅमेऱ्यातून एचडीएमआय केबल, ती या कार्डात, कार्ड यूएसबीने एका जुन्या मिनी पीसीला, त्यावर उबुंटू म्हणजे लिनक्स, त्यावर एफएफएमपेग या व्हिडिओच्या प्रोग्रामची एक स्क्रिप्ट जी एकीकडे स्ट्रीम पाठवते आणि एकीकडे फाईल ठेवते. आवाज मिक्सरवरून कॅमेऱ्याच्या माइक सॉकेटला, डावीकडे रंगमंचाचा माइक, उजवीकडे पेटी-पखवाज, म्हणजे नंतर घरी बसून कमी-जास्त करता येतं.

आता कार्ड. वर '४के' लिहिलंय. खोटं नाही म्हणता येणार आणि खरं पण नाही, आत येताना ते ४के सिग्नल घेतं, बाहेर देताना १०८०पी. यूएसबीची पिन निळी, निळी म्हणजे ३.० असं आपण समजतो, तर लावून 'एलएसयूएसबी' या कमांडला उणे टी देऊन वेग बघितला, ४८०एम, सेकंदाला ४८० मेगाबिट. म्हणजे यूएसबी २. निळं फक्त प्लास्टिक आहे, दोन-तीन रुपयांचा रंग जास्त घातलाय बस. ही गोष्ट रंगाची नाही, हिशोबाची आहे: १९२० गुणिले १०८० गुणिले एका पिक्सेलला २ बाइट, एक फ्रेम झाली सुमारे ४१ लाख बाइटची, तीस फ्रेम केल्या तर सेकंदाला १२४ मेगाबाइट, म्हणजे जवळजवळ १००० मेगाबिट. ४८० च्या नळातून १००० कुठून जाणार. म्हणून कार्डाकडे दोन रस्ते आहेत, एक कच्चा म्हणजे वाययूवायव्ही, त्यात १०८०पी ला सेकंदाला फक्त ५ फ्रेम, आणि दुसरा एमजेपेग, म्हणजे प्रत्येक फ्रेम जेपेग करून दाबलेली, त्यात पूर्ण ३०. हे सगळं कार्ड स्वतःच सांगतं, 'व्ही४एल२-सीटीएल' या कमांडला फॉरमॅटची यादी विचारली की नीट येतं. मी विचारलं नव्हतं.

पहिला काला. रात्री साडेबाराला संकासूर आला, उड्या मारतोय, लोक हसतायत, मी खुर्चीत मागे रेलून चहा पितोय, आणि कुवेतहून भाच्याचा मेसेज, "मामा, संकासूर फोटो फोटो दिसता, नेट गेलां कितें?" नेट चांगलं होतं. मॉनिटरवर नीट बघितलं तर खरंच, उडी वर, मग एकदम खाली, मधलं काहीच नाही, जुन्या काळच्या स्लाइड शोसारखं. स्क्रिप्टमध्ये मी ३० लिहिलेलं आहे, कुठेही एरर नाही, रेकॉर्डिंग चालू आहे. पाच फ्रेम.

झालं असं होतं की एफएफएमपेगने कुठलाही फॉरमॅट सांगितला नाही म्हणून कच्चा धरला, ड्रायव्हरला, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या लिनक्समधल्या प्रोग्रामला, म्हटलं ३० फ्रेम दे, ड्रायव्हरने बघितलं या साइझला कच्च्यात ५ च आहेत, तर त्याने ५ लावले आणि परत कळवलं 'झालं'. इथे ड्रायव्हरची चूक नाही हे मला नंतर कळलं आणि तेच मला या रिव्ह्यूत मुख्य सांगायचंय. लिनक्समधला व्हिडिओचा जो सगळा व्यवहार आहे, व्ही४एल२, त्याचा नियमच असा की तुम्ही फॉरमॅट मागा, हार्डवेअरला जमत नसेल तर ड्रायव्हर जवळचं जमेल ते लावतो आणि त्याच स्ट्रक्चरमध्ये खरं काय लावलं ते भरून परत देतो. नकार देत नाही. मागणी आणि मिळालेलं यात फरक आहे का हे बघणं मागणाऱ्याचं काम. न लावता नुसतं विचारायचं असेल तर त्यासाठी 'ट्राय' वेगळा दिलाय, तो पण असंच दुरुस्त करून सांगतो.

कारखान्यात हेच रोज बघतो. टेम्परेचर कंट्रोलरवर दोन आकडे असतात, वर पीव्ही, खाली एसव्ही, एसव्ही म्हणजे तू काय मागितलंस, पीव्ही म्हणजे भट्टीत खरं काय आहे. नव्या पोराला पहिल्या दिवशी शिकवतो की बाबा रे खालचा आकडा बघून लॉगबुकात लिहू नको. आणि मीच घरी येऊन एसव्ही बघून रेकॉर्डिंग करत होतो. एफएफएमपेग बिचारं सांगतं सुद्धा, स्पष्ट ओळ छापतं, ड्रायव्हरने टाइम पर फ्रेम १/३० चा १/५ केला, पण मी स्क्रिप्टमध्ये लॉग फक्त एररपुरता ठेवला होता कारण स्क्रीनवर फार ओळी येतात म्हणून, आणि ही एरर नाही, नुसती माहितीची ओळ आहे. इनपुट फॉरमॅट एमजेपेग असं दोन शब्द घातले आणि संकासूर परत माणसासारखा उडायला लागला. पण तोपर्यंत गणपती आणि भटजी पाच फ्रेममध्ये गेले ते गेले, कमिटीचे सेक्रेटरी अजून बोलून दाखवतात.

आवाजाचं प्रकरण जास्त मजेशीर, म्हणजे आता मजेशीर. दुसऱ्या काल्यानंतर घरी बसून पेटी जरा खाली घ्यायची म्हणून फाईल उघडली तर एकच ट्रॅक. मोनो. ९६ किलोहर्ट्झ मोनो. मी म्हटलं मिक्सरची केबल गेली, मग म्हटलं कॅमेरा, काकांना वाटलं त्यांच्या माइकचं काहीतरी, ते दोन दिवस माझ्याशी नीट बोलले नाहीत. ९६ हजार हा आकडाच विचित्र, कॅमेरा एचडीएमआयवर ४८ हजार स्टिरिओ देतो, ९६ कुठून आले? मग डोक्यात आलं, ४८ दुणे ९६. डावा-उजवा-डावा-उजवा असे सॅम्पल एकाआड एक येतात, आणि कार्ड स्वतःची ओळख सांगताना म्हणतंय की हे सगळे एकाच चॅनलचे, दुप्पट वेगाने. कार्ड खोटं बोलत होतं. माझ्याकडे नशिबाने एरेकॉर्ड नावाच्या प्रोग्रामने घेतलेली कच्ची वेव्ह फाईल वेगळी होती, कुठे रिसॅम्पल न झालेली, तिचा एकही सॅम्पल हलवला नाही, फक्त हेडरमध्ये ९६००० मोनोच्या जागी ४८००० स्टिरिओ केलं आणि हेडफोन लावला, तर एका कानात आख्यान आणि दुसऱ्या कानात काकांची पेटी, स्वच्छ. उलटे कान, डावं उजवीकडे, पण स्वच्छ. रात्री दीड वाजता मी एकटा हसत होतो.

नंतर शोधलं तर हा रोग या जातीच्या चिपांचा जुना आहे, कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, यूएसबी ऑडिओमध्ये 'क्वर्क' म्हणून एक टेबल असतं, कुठलं यंत्र काय खोटं सांगतं आणि त्याचं खरं काय धरायचं, त्याची वही म्हणा, तिच्यात २०२० मध्ये याची नोंद पडलीय, हे ९६ मोनो सांगतं पण ४८ स्टिरिओ धरा, आणि चॅनल उलटे येतात त्याचाही बंदोबस्त. माझा मिनी पीसी २०१८ च्या उबुंटूवर, कधीही अपडेट न केलेला, चालतंय ना मग हात कशाला लावा. नवीन कर्नल टाकलं, कार्ड लावलं, ४८ हजार, दोन चॅनल, कान सरळ. कार्डाने स्वतःबद्दल दिलेली माहिती कर्नलने मानली नाही म्हणून ते बरोबर चाललं, हे जरा थांबून वाचा.

अपडेटने एक नवीन डोकेदुखी दिली ती पण सांगतो, माझ्याकडे अशी दोन कार्डं, आधी दोन्ही लावली की व्हिडिओ० आणि व्हिडिओ१, सोपं. नव्या कर्नलमध्ये एकाच कार्डाचे दोन नोड, म्हणजे व्हिडिओ० आणि व्हिडिओ१ अशी दोन नावं, दिसतात, दुसरा मेटाडेटाचा, त्यात चित्र नसतं, ४.१६ पासून असंच आहे, तर माझी स्क्रिप्ट व्हिडिओ१ उघडून बसली आणि चित्रच नाही. वर दोन्ही कार्डांचा सीरियल नंबर एकच, आयडीवरून ओळखायला जावं तर जुळी भावंडं. 'बाय-पाथ' ने म्हणजे कुठल्या पोर्टात लावलंय त्यावरून ओळखा, आणि पोर्टावर स्केचपेनने खूण करा, मी तेच केलंय.

आता तो भाग जो मला सगळ्यात जास्त आवडला आणि ज्यासाठी बायको म्हणते की तू कार्डाचा रिव्ह्यू लिहितोयस की पीएचडी. चौथ्या काल्याला मंडपात एका बाजूला ट्यूबलाइटी, चित्र काळपट, म्हणून ब्राइटनेस वाढवायला गेलो. माझ्या कार्डात ब्राइटनेस उणे १२८ पासून १२७ पर्यंत, डिफॉल्ट उणे ११, उणे अकराच का ते देव जाणे. घाईत टाकलं ३००. काही तक्रार नाही. परत वाचलं तर १२७, गप्पपणे चापून बसवलेलं. बरं. त्याच रात्री पेटीवाल्यांच्या बाजूला एक साधा वेबकॅम लावला होता, दुसरा अँगल म्हणून, त्यात ट्यूबलाइटमुळे आडवे पट्टे सरकत होते, आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, कॅमेरा ६० वर सेट, तर 'पॉवर लाइन फ्रिक्वेन्सी' नावाचं एक सेटिंग असतं त्यात टाकलं ५०. एरर! न्यूमेरिकल रिझल्ट आउट ऑफ रेंज. परत टाकलं, परत तेच. अरे ५० हर्ट्झला ५० नाही तर काय टाकू, सहा वर्षं इन्स्ट्रुमेंटेशनला आहे मी. मागून काका म्हणतायत लवकर आटप, गणपती उभा राहिलाय.

तर ते सेटिंग आकडा नाहीच, मेनू आहे, ० म्हणजे बंद, १ म्हणजे ५० हर्ट्झ, २ म्हणजे ६०. टाकायचं १. पट्टे गेले.

तेव्हा राग आला की एकाच ड्रायव्हरमध्ये एक सेटिंग ३०० खपवून घेतं आणि दुसरं ५० ला दारातून हाकलतं, ही काय पद्धत. घरी येऊन ड्रायव्हरचा सोर्स कोड बघितला, सी भाषा थोडी वाचता येते, आणि तिथे कळलं की पद्धत आहे. ज्याची किंमत सलग सरकते, ब्राइटनेस, कॉन्ट्रास्ट, तिथे बाहेरचा आकडा आला तर टोकावर आणून ठेवायचा, माणसाला 'जास्तीत जास्त' हवं होतं एवढं त्यातून कळतं. पण मेनूमध्ये ५० च्या 'जवळचं' काय? २ जवळचं म्हणून ६० हर्ट्झ लावायचं? मग माझे पट्टे तसेच राहिले असते आणि मला वाटलं असतं सेटिंग लागलंय. तिथे नकारच बरा. तापमान-पंखे बघणाऱ्या ड्रायव्हरांसाठी कर्नलच्या कागदपत्रांत हाच नियम लिहून ठेवलाय, सलग किंमत असेल तर क्लॅम्प करा म्हणजे टोकाला चापा, निवडीची असेल तर इनव्हॅलिड म्हणून परत पाठवा. दोन ओळींचा नियम. आमच्या प्लांटमध्ये चार कंपन्यांचे पॅनल, एक चुकीची एंट्री घेतो आणि कापतो, एक लाल होतो, एक बीप करून जुनीच ठेवतो, चौथा घेतो आणि तसाच चालवायला जातो, आणि ऑडिटला येणारा माणूस विचारतो तुमची प्रोसिजर काय.

पण नियम असून भागत नाही, कुठल्या क्रमाने पाळता ते पण आहे. २०२४ मध्ये या तापमानवाल्या काही ड्रायव्हरांत एकच चूक सापडली, तुम्ही लिमिट म्हणून ६४ बिटांत मावणारा सगळ्यात खालचा उणे आकडा टाकला तर ते आधी भागाकार करून राउंड करायचे आणि मग चापायचे. राउंड करताना आकडा इतका उणे व्हायचा की तळातून खाली पडून वरून बाहेर यायचा, अधिक होऊन. मग चाप लागायचा तो वरच्या टोकाला. सांगितलं सगळ्यात कमी, लागलं सगळ्यात जास्त. उपाय काय, आधी चापा मग भागा, क्रम बदलला. चेक होता, बरोबर होता, फक्त उशिरा होता.

यात माझं मत जरा पक्कं झालंय, प्रत्येक ड्रायव्हर लिहिणाऱ्याने स्वतःचा चेक स्वतः लिहायचा म्हणजे प्रत्येक वाड्यावर वेगळी मापटी. नेटवर्कच्या बाजूला हे आधी असंच होतं, पॅकेट किती मोठं चालेल, एमटीयू, तो आकडा बरोबर आहे का हे जो तो ड्रायव्हर आपापल्या परीने बघायचा, बहुतेक ठिकाणी त्याच दोन-तीन ओळी उचलून चिकटवलेल्या. २०१७ च्या ४.१० कर्नलपासून ड्रायव्हरने फक्त सांगायचं माझं कमीत कमी एवढं जास्तीत जास्त एवढं, तपासायचं काम मधल्या सामायिक कोडचं, कोअरचं, काहीच सांगितलं नाही तर साध्या इथरनेटला ६८ ते १५०० धरतात. एक दार, एक रखवालदार. व्हिडिओच्या बाजूला पण कंट्रोलसाठी असं एक सामायिक फ्रेमवर्क २०१० पासून आहे, पण आपल्या या यूएसबी कॅमेऱ्या-कार्डांचा ड्रायव्हर, यूव्हीसीव्हिडिओ, तो त्याच्याही आधीचा, २००८ चा, त्याचा स्वतःचा संसार आहे, आणि मला वाटतं माझ्यासारख्याला गोंधळ होतो तो इथेच. सीरियल पोर्टाला तर अजून गंमत, कामावर आरएस४८५ च्या मीटरशी बोलताना पोर्टाचं सेटिंग लावायला टीसीसेटअ‍ॅट्र वापरतो, त्याच्या मॅन पेजवर, म्हणजे माहितीपत्रकात, साफ लिहिलंय की मागितलेल्या बदलांपैकी एक जरी झाला तरी मी यशस्वी म्हणणार, खात्री हवी तर परत वाचून बघा. दहा कामं सांगितली, एक केलं आणि संध्याकाळी 'झालं साहेब', असा आमच्याकडे एक हेल्पर होता.

आणि साडेसातशेच्या कार्डासाठी कर्नलमधल्या चेकची एवढी चिंता कशाला असं वाटत असेल तर हे ऐका. कार्ड लावलं की ते आपली यादी देतं, माझ्याकडे हे फॉरमॅट, त्यात या साइझच्या फ्रेम. यूव्हीसीव्हिडिओ ती यादी दोनदा चाळतो, पहिल्यांदा मोजतो आणि तेवढी मेमरी घेतो, दुसऱ्यांदा वाचून त्या मेमरीत लिहितो. यादीत 'अनडिफाइन्ड' प्रकारची फ्रेम असली तर मोजताना ती धरत नव्हते, आणि लिहिताना, काही फॉरमॅटच्या बाबतीत, तिला पण लिहीत होते. म्हणजे पंगतीला पन्नास पानं मांडली आणि वाढायला गेल्यावर साठ माणसं बसलेली, वरची दहा शेजारच्या ताटात हात घालणार. मुद्दाम वाकडी यादी देणारं उपकरण कोणी बनवलं तर ते कर्नलच्या भलत्याच मेमरीत लिहून जाणार. ही चूक २.६.२६ पासून, म्हणजे ड्रायव्हर कर्नलमध्ये आला त्या २००८ सालापासून होती, सुटली २०२४ च्या अखेरीला, सुरक्षेच्या चुकांच्या यादीतला नंबर सीव्हीई-२०२४-५३१०४, आणि फेब्रुवारी २०२५ च्या अँड्रॉइडच्या सुरक्षा बुलेटिनमध्ये गूगलने म्हटलं की निवडक ठिकाणी हिचा गैरवापर झाल्याची चिन्हं आहेत. सोळा वर्षं! आणि दुरुस्ती किती, लूपच्या अटीत एक शब्द वाढवलाय. मोजणाऱ्याचा नियम एक आणि लिहिणाऱ्याचा दुसरा, एवढंच होतं ते. तेव्हा निनावी यूएसबी वस्तू जुन्या कर्नलच्या मशीनला लावू नका, मी चार महिने लावत होतो, आणि त्याच मशीनवर देवळाचं वर्गणीचं खातं पण होतं. आता नाहीये.

बाकी बारीकसारीक. कार्ड तापतं, चांगलंच तापतं, माझं एक प्लास्टिकचं आणि एक धातूचं, धातूचं हाताला जास्त चटका देतं पण सहा तास न अडकता चालतं, प्लास्टिकवालं एप्रिलमध्ये पहाटे चारच्या सुमाराला दोनदा काळं पडलं, काढून लावलं की चालू, नेमकं युद्धाच्या प्रवेशाला. आता पत्र्याच्या डब्याच्या झाकणावर ठेवतो आणि बाजूला पंखा. सोबतची छोटी एचडीएमआय केबल फेकून द्या. रंग जरा भडक येतात, सॅच्युरेशन थोडं खाली घ्या, शालूचा लाल त्याशिवाय लाल दिसत नाही. ओबीएस या रेकॉर्डिंगच्या प्रोग्रामवर पण चालतं, विंडोजवर माझ्या मेहुण्याने लावलं तर कुठलंही ड्रायव्हर न टाकता चित्र आलं, त्याच्या पुढे तिथे मी खोलात गेलो नाही.

दुकान: कार्ड बदलून देतो म्हणाले होते, प्लास्टिकवालं घेऊन गेलो तर काउंटरवरच्या मुलाने त्याच्या लॅपटॉपला लावलं, दहा सेकंद चित्र दाखवलं, "चलता मरे, कितें जालां?" मी म्हटलं पहाटे चारला ये जत्रेला मग दाखवतो. बदलून नाही दिलं. पण यूएसबीची एक चांगली एक्स्टेन्शन निम्म्या पैशात दिली, तर जाऊ दे.

घ्यायचं की नाही? साडेसातशेला घ्या, धातूचं बघून, पंधराशे मागितले तर नको, वरच्या '४के' ला आणि निळ्या पिनेला एक पैसा जास्त देऊ नका. ऑनलाइन क्लास, गावचं नाटक, भजन, यासाठी पुरे. लग्नाच्या शूटिंगचे पैसे घेणार असाल तर खऱ्या यूएसबी ३ चं घ्या, लोकांच्या लग्नात संकासूर नको. कार्डाला पाचातले साडेतीन, दीड गुण खोटी ओळख सांगण्याचे कापले.

माझ्या स्क्रिप्टमध्ये आता चार ओळी वाढल्यात. सुरू होताना मागितलेला फॉरमॅट, फ्रेम रेट, सॅम्पल रेट, चॅनल, वेबकॅमचं ५०-६० एकीकडे आणि ड्रायव्हरकडून परत वाचलेलं दुसरीकडे असं छापते, मी वर पीव्ही खाली एसव्ही अशीच मांडणी ठेवलीय, फरक असला तर रेकॉर्डिंगच सुरू करत नाही आणि जोरात टूं करते. शेवटच्या काल्याला पडदा उघडायच्या आधी दोन मिनिटं टूं झालं, वेबकॅम कोणीतरी काढून लावला होता आणि तो परत ६० वर गेलेला. १ टाकला. काकांनी पेटीवर त्या टूंचा सूर लावून बघितला, काळी चार निघाली.